पंप पाणी ओढीना, संगणक उठेना

पंप बसवला, मोटर घुमू लागली, पण पाटात पाण्याचा थेंब नाही, असा प्रसंग कोणाच्या वाट्याला आला नाही? नवखा माणूस म्हणतो, पंप गेला. जाणता शेतकरी आधी फूटव्हॉल्व्ह पाहतो, पंपात पाणी भरतो, हवा काढतो. नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातल्यावर संगणक सुरू होईना, तर तिथेही हाच शहाणपणा कामी येतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाही. म्हणून कोणी कोणी जुन्या संगणकावर फुकट मिळणारी लिनक्स मिंट घालतात. माझ्या फिरतीतल्या एका गावात महिलांच्या दूध गटानेही तेच केले. एका बाईंच्या मुलाने विंडोज काढून मिंट घातली आणि हिशेबाचा विभाग तसाच राखला. दिवसभर यंत्र ठीक चालले. रात्री वीज गेली. सकाळी पडद्यावर एकच इंग्रजी ओळ : ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, की सगळी डिस्क पुसावी लागेल. तिच्यावर सहा वर्षांचा दुधाचा आणि उचलीचा हिशेब होता. कर्जप्रकरणासाठी तो आठवड्याभरात बँकेत द्यायचा होता. दुसरी प्रत नव्हती. सचिव बाईंनी विचारले, "साहेब, आमचा हिशेब बुडाला का हो?"

मी म्हटले, "ताई, आधी बियाणे वेगळे काढू, मग कणगी झाडू."

ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट घातली, तिच्यावरूनच संगणक तात्पुरता चालवता येतो, डिस्कवर काहीही न लिहिता. तसा तो सुरू केला आणि हिशेब दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला. बायकांचा जीव भांड्यात पडला. आता दोष शोधायला उसंत मिळाली.

संगणकाचे बटण दाबले, की मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि मोठ्या सिस्टीमला उठवतो. जुन्या रीतीत, म्हणजे बायोसमध्ये, तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीची सूचना शोधतो. नव्या रीतीत, म्हणजे यूईएफआयमध्ये, एका राखीव लहान विभागातली फाईल वाचतो. ज्या रीतीने सिस्टीम घातली, त्याच रीतीने शोध झाला पाहिजे. नाहीतर डिस्क धडधाकट असूनही यंत्र म्हणते, घरात कोणी नाही.

सेटिंगचा पडदा उघडला, तर तिथे साल होते २०१२! घड्याळ इतके मागे गेले, म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपला होता. मुलाने मिंट घालताना नवी रीत निवडली होती. भिंतीतून वीज मिळत होती तोवर ती निवड टिकली. वीज जाताच यंत्राची मूळची जुनी रीत परत आली. यंत्राची वायर काढून सीआर २०३२ हा बटणासारखा ३ व्होल्टचा सेल बदलला, तारीख लावली, यूईएफआय निवडले. मिंट उठली. हिशेब वेळेत बँकेत गेला.

तुमच्या घरी असे झाले तर क्रम ध्यानात ठेवा. पहिली गोष्ट, पेन ड्राइव्हवरून यंत्र चालवून कागदपत्रे बाहेर काढा. मग लावलेली पेन ड्राइव्ह काढून पाहा. कधी कधी यंत्र तिच्यापाशीच अडकते. सेटिंगमध्ये डिस्क दिसते का ते बघा; दिसत नसेल तर वायर सैल असेल. दिसत असेल तर सुरुवातीच्या यादीत ती वर आहे का, रीत कोणती आणि तारीख बरोबर आहे का, ते तपासा. सिक्युअर बूट चालू असेल, तर तेही अनोळखी सिस्टीमला दारात अडवू शकते.

एवढे झाल्यावरच पुसण्याचा विचार करावा. आणि हिशेबाची दुसरी प्रत आजच काढून ठेवावी. सगळे बियाणे एकाच कणगीत कोणता शेतकरी ठेवतो?