पैनगंगेकाठची हिमनदी
(झाडीपट्टीची दैनंदिनी : भाग चौथा)

शुक्रवार, चंद्रपूर

उद्या हिमनदी बघायला जायचंय म्हटल्यावर लॉजचा मॅनेजर रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाला, "मनालीची गाडी इथून नाही सुटत जी." त्याचं काही चुकलं नाही. फेब्रुवारी सरत आलाय, दुपारी पंख्याखालून उठवत नाही, आणि मे महिन्यात याच गावात पारा 47 अंशांपर्यंत चढतो. चंद्रपूरला माणसं येतात ती ताडोबाच्या वाघासाठी, नाहीतर कोळशाच्या नोकरीसाठी. बर्फासाठी येणारा मी त्यांना वेडाच वाटणार.

पण ही थाप नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन नावाच्या अधिकाऱ्याने 1875 साली तसा लेखच छापला होता. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, गावाच्या नैऋत्येला दहाएक मैलांवर, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं खेडं आहे. तिथल्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे आहेत, असं त्याचं म्हणणं. त्याआधी 1856 मध्ये ओडिशातल्या तालचेरला ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड या भूशास्त्रज्ञांनी मातीत रुतलेले मोठमोठे गोटे पाहून 'हे बर्फाचं काम असावं' असा अंदाज केला होता. बऱ्याच जणांना तो पटला नाही. उष्ण कटिबंधात, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, हिमनदी? इरईच्या खडकाने त्या अंदाजाला साक्षीदार मिळवून दिला.

शनिवार, इरई

वाटाड्या म्हणून लाभले भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. सकाळी सहालाच निघायचं, हा त्यांचा हट्ट. तर्री पोहे खाऊ म्हटलं तर "परत आल्यावर" एवढंच उत्तर. कारण नंतर कळलं.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. चंद्रपुरात 'इरईला जायचंय' म्हटलं की ऑटोवाला विचारतो, "कोणती इरई जी, धरणाची का गावची?" इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं, आपल्याला हवं ते गाव पैनगंगेवरचं, कोरपना तालुक्यातलं. भोयेगावच्या पुलावरून वर्धा ओलांडली. दोन्ही अंगांना काळी माती, वेचणी होऊन गेलेली पऱ्हाटी आणि सिमेंट कारखान्यांचे ट्रक. ते ट्रक ज्या चुनखडकावर पोसलेत, त्याच जातीचा खडक पुढे नदीकाठी आमची वाट पाहत होता.

काठ उतरलो. पहिल्यांदा काहीच दिसेना. करडा, सपाट खडक, मध्ये चिखल, शेळ्यांच्या लेंड्या. सरांनी बाटलीतलं पाणी खडकावर ओतलं आणि मला पूर्वेकडे तोंड करून उकिडवं बसवलं. कोवळं ऊन तिरपं आलं आणि रेघा उमटल्या. एक नव्हे, कितीतरी; एकमेकींना समांतर, काही केसासारख्या, काहींत नख अडकेल इतक्या खोल. मधला खडक घासून गुळगुळीत झालेला. दुपारी ऊन डोक्यावर आलं की यातलं निम्मंही दिसत नाही, म्हणून पोह्यांना सुट्टी.

शेळ्या राखणारे एक काका येऊन शेजारी बसले. म्हणाले, "हे तं आम्ही लहानपणापासून पाहून राहिलो. नदीनंच केलं न?" शंका रास्त होती. सरांनी त्यांना वर्गातल्यासारखंच समजावलं. पाणी दगड गुळगुळीत करतं, पण फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ रेघा मारत नाही. बर्फ मारतो, आणि तोही स्वतः नव्हे. शेकडो मीटर जाडीचा थर हळूहळू सरकताना तळाशी अडकलेले दगड फरपटत नेतो, ते दगड खालच्या खडकाला ओरबाडतात. आणि मुख्य पुरावा पुढे होता: हा घासलेला खडक ज्या थराखाली जातो, तो थर.

त्या थराकडे मी बराच वेळ बघत राहिलो. हिरवट, बारीक मातीचा दगड. हातात चुरला की सुयांसारखे तुकडे पडतात. त्यात कसलीच निवड न करता गोटे कोंबलेले, मुठीएवढे आणि त्याशेजारीच मिठीत न मावणारे. नदीने आणले असते तर जड आधी टाकले असते, हलके पुढे नेले असते. बर्फ असा भेद करत नाही; वितळला की जिथल्या तिथे सगळं सोडून देतो. काही गोट्यांची एखादी बाजू कानशीने घासावी तशी सपाट झालेली आणि तिच्यावर पुन्हा रेघा.

हे सगळं सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा ही जमीन दक्षिण ध्रुवाच्या आसपास होती. अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि ही, सगळे एकाच भूभागात जोडलेले होते. म्हणून 'हिमनदी' म्हटल्यावर गोमुख डोळ्यांसमोर आणू नका. दरीतून उतरणाऱ्या निमुळत्या प्रवाहापेक्षा आजच्या अंटार्क्टिकासारखी दूरवर पसरलेली चादर जवळची. असेच गोट्यांचे थर आणि ओरखडे दक्षिण आफ्रिकेतही सापडले, आणि खंड सरकतात असं सांगणाऱ्या वेगेनरने ही जुनी हिमयुगाची साक्ष आपल्या बाजूने उभी केली. त्या एकसंध भूभागाला 1885 मध्ये भूशास्त्रज्ञ स्यूसने नाव दिलं गोंडवानालँड. ज्या गोंडांवरून ते आलं, त्यांच्या एका राजधानीचा परकोट मी काल संध्याकाळी चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्यापाशी पाहिला होता.

परतताना घुग्घुसकडचे कोळशाचे ट्रक लागले. बर्फ हटल्यावर दलदली झाल्या, त्यांत जंगलं वाढली, गाडली गेली. तोच हा कोळसा. म्हणजे इरईचा हिरवा थर खालचा मजला आणि वर्धा खोऱ्यातल्या खाणी वरचा. चंद्रपूरकराला वरचा मजला तोंडपाठ आहे, खालच्याची गंधवार्ता नाही. मला हे फार खटकलं.

रविवार, सिरोंच्याच्या वाटेवर

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली. सागाच्या जंगलातून रस्ता; पाठीचे हाल, त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं. सिरोंचा तालुक्यात याच कहाणीचं बरंच पुढचं पान आहे. 'कोटा' हे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक असलेलं इथलं एक खेडं. त्याच्या नावाच्या थरात बारापासॉरस या डायनोसॉरची हाडं सापडली. 1975 मध्ये त्याचं नामकरण झालं, रवींद्रनाथ टागोरांच्या सन्मानार्थ 'टागोरी'. सांगाडा मात्र कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. वडधमच्या जीवाश्म उद्यानाविषयी पुढच्या भागात.

इरईला जाणार असाल तर पावसाळा टाळा, नदी काठावर चढलेली असते. डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच पोहोचा. सोबत पाण्याची बाटली आणि जमल्यास भूशास्त्र शिकलेला माणूस न्या. हातोडा मात्र घरी ठेवा. आठवण म्हणून तुकडा फोडून आणण्याइतका तो खडक मोठा नाही.