आमगावचे आभाळ

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या आगगाडीतल्या बहुतेक प्रवाशांनी आमगाव पाहिलेले नसते. गोंदिया येते, चहा होतो, सामान मोजून होते, आणि पुढची पंचवीसेक किलोमीटर कधी सरली हे कळायच्या आत सालेकशाची झाडी सुरू होते. मीही नागपुरात उभा जन्म काढला आणि आमगावला प्रथम उतरलो तो साठी उलटल्यावर, 2024 च्या माघात. निमित्त झाले एका स्नेह्याच्या पत्राचे. मोबाइलच्या जमान्यातही हा गृहस्थ पत्रच लिहितो. मजकूर नेहमीप्रमाणे तारेसारखा : "पौर्णिमेला कचारगडची यात्रा आहे. ये. पोरगी ऐकत नाही. तूच चार शब्द सांग."

आम्ही दोघे हिस्लॉप कॉलेजात एका बाकावर बसलो. पुढे तो रेल्वेत गार्ड झाला. वहिनी आमगावच्या शाळेत शिकवीत, म्हणून निवृत्तीनंतर त्याने तिथेच कौलारू घर घेतले. माणूस ख्रिस्ती, पण दिवाळीत माझ्याआधी त्याच्याच घरी आकाशकंदील लागे! त्यांच्या एकुलत्या एक मुलीने जवळच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकून व्यावसायिक परवाना मिळवला होता. दोनशे तासांचे उड्डाण म्हणजे काही थोडी गोष्ट नव्हे. आता एखाद्या बड्या कंपनीत लागावे, आईबापांना एकदा तरी फुकट फिरवावे, ही साधी अपेक्षा. पण पोरीच्या मनात दुसरेच होते.

स्टेशनवर तीच न्यायला आली होती. "काका, वर बघा," ती म्हणाली. डोक्यावरून पांढरे चिमुकले विमान घरघरत चालले होते. मी अचंब्याने पाहत राहिलो; शेजारच्या रिक्षावाल्याने मान वर केली नाही की बिडी खाली ठेवली नाही. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. लढाई संपली, पट्टी उरली, आणि आज तिथे देशभरातली मुले उडायला शिकतात. त्यामुळे भाताच्या बांधांवर, तळ्यांवर आणि राइस मिलच्या धुराड्यांवर दिवसभर विमाने घिरट्या घालतात. इथल्या बगळ्यांनाही त्यांची सवय झाली असावी.

आमगावचे आणि आभाळाचे नाते मात्र धावपट्टीहून फार जुने आहे. गावाजवळच पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूती आपले गाव विदर्भातले पद्मपूर असे सांगतो, ते हेच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. आमगावकरांना त्यात शंका नाही. त्यांनी आपल्या महाविद्यालयालाच त्याचे नाव दिले आहे. हा आठव्या शतकातला कवी आपल्या तिन्ही नाटकांत माणसांना उंचावर नेतो. 'महावीरचरिता'च्या शेवटच्या अंकात राम पुष्पक विमानातून अयोध्येला परततो आणि खालची भूमी सीतेला दाखवीत जातो. 'मालतीमाधवा'त सौदामिनी आकाशमार्गाने येता येता नद्या आणि नगरी न्याहाळते. 'उत्तररामचरिता'त लव आणि चंद्रकेतू यांचे युद्ध एक विद्याधर जोडपे विमानात बसून पाहते. कधीही न उडालेल्या माणसाला पृथ्वी वरून कशी दिसेल हे सुचावे, ही मौजच. मी हे मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा ती पोरगी म्हणाली, "वरून सगळं सुंदरच दिसतं, काका. खाली उतरायला जागा आहे की नाही, हा खरा प्रश्न."

रात्री जेवताना विषय निघाला. भात होता, लाखोळीचे वडे होते. पण वहिनींचा घास घशाखाली उतरत नव्हता.

"हिला न्यू गिनीत जायचंय म्हणे! पाद्रीबुवांची विमानं उडवायला!"

मग मला हे प्रकरण समजले. मिशन एव्हिएशन फेलोशिप नावाची ख्रिस्ती वैमानिकांची संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ कामासाठी शिकलेल्या वैमानिकांना वाटले, की हीच विद्या माणसे वाचवायला का वापरू नये? 1945 मध्ये इंग्लंड-अमेरिकेत काम सुरू झाले. अमेरिकेतल्या शाखेचे पहिले उड्डाण 1946 मध्ये मेक्सिकोकडे झाले, आणि ते विमान चालवीत होती बेटी ग्रीन नावाची बाई. पापुआ न्यू गिनीत ही विमाने 1951 पासून उडत आहेत.

त्या डोंगरांत वैमानिकाचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. दुपारी ढग दऱ्या बुजवून टाकतात, म्हणून काम सकाळीच उरकायचे. रेडिओवरून हवा विचारायची, प्रत्येक उतारू आणि प्रत्येक पोते वजन करून घ्यायचे, इंजिन सुरू करण्याआधी दोन वाक्यांची प्रार्थना करायची. धावपट्टी म्हणजे डोंगराच्या उतारावर कापलेले गवत. उतरताना चढावर उतरायचे, उडताना उतारावरून झेपावायचे, दुसरी संधी बहुधा नाही. नेताना औषधे, तांदूळ, शाळेची पुस्तके, छपराचे पत्रे. आणताना कॉफीची पोती, अडलेली बाळंतीण, कधी शवपेटी. पगार कंपनीसारखा नाही; पुष्कळांचा चरितार्थ मित्रमंडळी आणि चर्च यांच्या मदतीवर चालतो.

"आणि जीव?" वहिनींनी विचारले. कोणी बोलले नाही. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळले; प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेले. त्या घटनेला पुरते वर्षही झाले नव्हते. मिशनच्या इतिहासातही असे दिवस आहेत : वैमानिक नेट सेंट आणि त्याचे चार साथी 8 जानेवारी 1956 रोजी इक्वेडोरच्या जंगलात, ज्यांच्याशी मैत्री करायला गेले त्यांच्याच भाल्यांनी मेले.

"सेवाच करायची तर इथं काय कमी आहे?" वहिनी म्हणाल्या. "आणि सेवेच्या पदरात धर्म बांधून द्यायचा, हे मला शोभत नाही. कुणाच्या देवाला आपण काय म्हणून हात लावावा?"

हे वाक्य एका श्रद्धाळू ख्रिस्ती बाईचे होते, हे ध्यानात घ्या. चार शब्द सांगायला आलेला मी मुकाट्याने ताक पीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचारगडला निघालो. सालेकशापुढे दरेकशाचा डोंगर, पळसाला नुकता रंग चढलेला, आणि धनेगावपासून माणसांची रीघ. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून गोंड मंडळी आली होती. पिवळ्या टोप्या, पिवळे दुपट्टे, ढोल, आणि भेटेल त्याला एकच नमस्कार : "जय सेवा!" डोंगरात प्रचंड गुहा आहे. देवीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांची सुटका करून त्यांना कोया पुनेम धर्म शिकवला, अशी भाविकांची श्रद्धा. गुहेच्या तोंडाशी एक म्हातारा नातवाला हे सांगत होता. वर फटीतून उजेडाचा झोत येत होता.

तिथेच दगडावर बसून माझ्या स्नेह्याने विचारले, "आपल्या कॉलेजाचा हिस्लॉप कोण, ठाऊक आहे का रे?"

इतकी वर्षे त्याच्या नावाखाली शिकलो म्हणून मिरवले. ठाऊक होते ते एवढेच, की तो कोणी पाद्री होता. मग गुहेच्या दारात मला माझ्याच कॉलेजाची ओळख झाली. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आला. धर्मप्रसार हे काम, पण खडक, जीवाश्म आणि माणसे यांचे विलक्षण वेड. घोड्यावरून रानोमाळ हिंडे. एका परधानाकडून त्याने लिंगोचे गोंडी गाणे उतरवून घेतले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, संध्याकाळी एकटाच असता, पुराने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. घोडा तेवढा रिकामा परत आला. कागद मात्र वाचले. सर रिचर्ड टेंपल यांनी ते 1866 मध्ये छापले, आणि लिंगोची कथा प्रथम पुस्तकात आली. तिचे तपशील इथल्या कथेशी सगळे जुळत नाहीत. पण लिंगो तोच, आणि कोंडवाड्यातून सुटण्याची आस तीच.

"म्हणजे बघ," स्नेही म्हणाला, "आला होता आपलं सांगायला, आणि जाताना त्यांचं जपून ठेवून गेला."

वहिनी ऐकत होत्या. मुलगी हळूच म्हणाली, "आई, त्या ओढ्यावर तेव्हा पूल असता तर? मला फक्त तेवढंच व्हायचंय. पूल. वरून कोण चालला आणि तो कुठला देव मानतो, हे पूल विचारतो का?"

मी म्हणालो, "अगं, पण संस्था तर मिशनचीच ना?"

"प्रार्थना मी माझी करीन, काका. बाळंतिणीला मात्र आधी दवाखान्यात पोचवीन." मग हसून म्हणाली, "ऑस्ट्रेलियातही जॉन फ्लिन नावाच्या पाद्रीनंच 1928 मध्ये विमानाचा दवाखाना सुरू केला. आज तिकडे आजाऱ्याला त्याचा धर्म विचारत नाहीत."

वहिनींनी उत्तर दिले नाही. गुहेतून बाहेर पडताना एक गोंड म्हातारी पायरीवर थबकली होती. वहिनींनी तिला हात दिला. म्हातारीने दोन्ही हात जोडले : "जय सेवा, बाई." क्षणभर थांबून वहिनीही म्हणाल्या, "जय सेवा."

परतीच्या गाडीवर सोडायला तिघेही आले. पोरीने अर्ज भरला होता. वहिनींनी अडवला नव्हता, पण "जा" असेही म्हटले नव्हते. सांगायचे चार शब्द माझ्यापाशीच राहिले, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. गाडी हलली तेवढ्यात वर घरघर झाली. वहिनींनी पदराने डोळ्यांवर सावली धरली आणि ते पांढरे टिंब दिसेनासे होईपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"कोण असेल ग?" त्यांनी विचारले.

"कुणाची तरी मुलगी," पोरगी म्हणाली.

वहिनींचे ओठ हलले. दोन वाक्यांहून जास्त काही नसावे.