टाकीपासून सिलिंडरपर्यंतची वाट

ई-२० पेट्रोल देशभर मिळू लागल्यापासून चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते आहे : इथेनॉल चांगले की वाईट? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अपुरा वाटायला हवा. टाकीतील पंप, फिल्टर, नळ्या, इंजेक्टर आणि त्यांना आज्ञा देणारा संगणक अशी एक साखळी इंधनाला सिलिंडरपर्यंत पोहोचवते. इंधन बदलले की या साखळीवरचा भार बदलतो. २० टक्के मिश्रणात हा बदल सौम्य असल्याने नजरेतून निसटतो. तो स्पष्ट पाहायचा तर टोकाचे उदाहरण घ्यावे, आणि तसे उदाहरण अमेरिकेत सापडते.

तेथे ई-८५ हे इंधन अनेक पंपांवर मिळते. नावात ८५ असले, तरी त्यातील इथेनॉल ऋतू आणि प्रदेशानुसार सुमारे ५१ ते ८३ टक्के असते. काही हौशी लोक आपल्या पेट्रोलवर चालणाऱ्या, आठ सिलिंडरच्या पिकअप ट्रकला सुपरचार्जर बसवतात आणि तो ई-८५ वर चालवतात. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच शक्तीवर फिरून सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारे यंत्र. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची मुभा, म्हणजेच जास्त शक्ती.

पण हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा १.७ पट दाबाला नेली, तर सुपरचार्जरमधील ऊर्जाव्यय धरून तिचे तापमान शंभर अंशांच्या आसपास जाते. इतक्या तप्त हवेत पेट्रोलचे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटू शकते. हेच नॉकिंग. इथेनॉल येथे दोन बाजूंनी मदत करते. त्याचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे. आपल्या साध्या पेट्रोलसाठी ही मर्यादा दीर्घकाळ ९१ होती. दुसरे म्हणजे, बाष्प होताना ते विलक्षण उष्णता शोषते. एक किलोग्रॅम हवेबरोबर जळणारे इथेनॉल बाष्पीभवनात सुमारे १०० किलोज्यूल उष्णता घेते, तर पेट्रोल जेमतेम २५. म्हणजे इंधन स्वतःच हवा थंड करते.

या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे तो काही अंशी अगोदरच जळलेला असतो. म्हणून एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. मात्र त्याला हवाही कमी लागते : एक किलोग्रॅम पेट्रोलला १४.७ किलोग्रॅम, इथेनॉलला ९. परिणामी, तेवढ्याच हवेत दोन्ही इंधने जवळजवळ सारखीच ऊर्जा देतात. शक्ती घटत नाही. ती मिळवण्यासाठी अधिक इंधन वाहून न्यावे लागते, इतकेच.

किती अधिक? समजा, ट्रकच्या इंजिनाने पूर्ण भाराला ४०० किलोवॅट शक्ती द्यायची आहे आणि त्याची कार्यक्षमता २५ टक्के आहे. मग दर सेकंदाला १.६ मेगाज्यूल रासायनिक ऊर्जा हवी. पेट्रोल असेल तर मिनिटाला ३ लिटर पुरते. शुद्ध इथेनॉल साडेचार लिटर लागते. ई-८५ या दोहोंच्या मध्ये, पण इथेनॉलच्या जवळ बसते.

आता एकेक कडी तपासावी लागते. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक पूर्ण चक्र केवळ २० मिलिसेकंदांत संपते. इंजेक्टरला याहून अधिक वेळ देता येत नाही, म्हणून त्याचे छिद्रच मोठे घ्यावे लागते. मोठ्या इंजेक्टरला मोठा पंप हवा. मोठा पंप अधिक वीजप्रवाह खेचतो. मूळची बारीक तार ठेवली, तर तिच्यातच व्होल्टेज गळते आणि नवा पंपही मंदावतो. म्हणून तारही जाड हवी. शिवाय इंजेक्टरमधील प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळानुसार ठरतो. इंधनाचा दाब वातावरणापेक्षा ३ बार अधिक आणि सुपरचार्जरचा दाब ०.७ बार असेल, तर फरक उरतो २.३ बार, आणि प्रवाह १२ टक्क्यांनी घटतो. जेव्हा इंधनाची सर्वाधिक गरज असते, नेमका तेव्हाच! म्हणून हवेचा दाब वाढेल तितकाच इंधनाचा दाब वाढवणारा नियंत्रक बसवावा लागतो. ई-८५ मधील प्रमाण दर खेपेला बदलत असल्याने ते मोजणारा सेन्सरही हवा. पेट्रोलचा परावैद्युत अंक सुमारे २, तर इथेनॉलचा २५ च्या आसपास. या फरकावरून तो संगणकाला मिश्रण सांगतो. आणि नळ्या व सील अशा पदार्थांचे हवेत, की जे इथेनॉलने फुगणार वा झिजणार नाहीत.

यातली एक कडी जुनी राहिली, तर काय होते? बहुतेक वेळा काहीच नाही. इंजिन सुरू होते, गावात मजेत चालते. उणीव उघडी पडते ती पूर्ण भाराला. तेव्हा इंधन कमी पडते, नॉकिंग सुरू होते, आणि काही सेकंदांत पिस्टन वितळू शकतो. प्रवाहाची साखळी सरासरीवर तोलता येत नाही; ती सर्वांत अरुंद जागी तुटते.

हे ध्यानात ठेवून ई-२० कडे पाहावे. त्यातील ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींच्या इंधन-कार्यक्षमतेत ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती. ई-१० साठी घडवून ई-२० ला जुळवलेल्या गाड्यांसाठी तोच अंदाज १ ते २ टक्के होता. इंधन तेच, फरक साखळीचा.

ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी मिश्रणातील बदल ओळखून इंधन थोडे वाढवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीला असा डोळाच नसतो. तिच्या रबरी नळीनेही इतके इथेनॉल कधी पाहिलेले नसते. अमेरिकेतील हौशी मालक साखळी बदलतो, कारण इंधन त्याने स्वतः निवडलेले असते. जुन्या दुचाकीच्या मालकाने ते निवडलेले नाही, आणि गणित करण्याची साधनेही त्याच्यापाशी नाहीत. ते गणित त्याच्यासाठी मांडणे, कोणत्या वर्षीच्या कोणत्या गाडीत कोणती नळी, कोणता सील बदलावा हे सोप्या शब्दांत सांगणे, हे काम गाडी घडवणाऱ्यांचे आणि इंधन पुरवणाऱ्यांचे आहे. इथेनॉल चांगले की वाईट, हा वाद त्यानंतर खुशाल चालू द्यावा.