पाच घरं

पूजा आटोपली की आई झोपाळ्यावर येऊन बसतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई. एका हातात फोन, मांडीवर पाठकोरा कागद, कानामागे पेन्सिल. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या टेनामेंटच्या ओट्यावर तेव्हा कोवळं ऊन आलेलं असतं आणि हायटेन्शन रोडवरून शाळेच्या रिक्षा जात असतात. पुढची वीस मिनिटं आईंना कुणी हाक मारायची नाही, हे आता शेजारच्या बेननाही ठाऊक झालंय.

फोनवरचा त्यांचा खेळ साधा आहे. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. आपण लिहिलेलं अक्षर त्या शब्दात त्याच जागी असेल तर घर हिरवं होतं. अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळं, आणि नसेलच तर राखी. जॉश वॉर्डल या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या इंजिनिअरने तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी बनवला आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सगळ्यांना खुला केला. पुढच्याच जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाकी सगळं सोडून नाव तेवढं धरलं. "पलक शाह? आपल्याकडचंच नाव की गं!"

मला मात्र त्या गोष्टीतला दुसरा भाग फार आवडतो. इंग्रजीत पाच अक्षरांचे सुमारे बारा हजार शब्द निघाले. ते सगळेच ठेवले असते तर खेळ कोशातल्या विद्वानांचाच झाला असता. म्हणून पलकने एकेक शब्द पाहिला आणि हा ओळखीचा, हा नाही, असं निवडत अडीच हजारांच्या आसपास शब्द ठेवले. सुपात तांदूळ घेऊन बसावं तसं हे काम. एका बाईच्या ओळखीचे शब्द, आणि त्यांवर जगभरची माणसं सकाळी डोकं चालवतात.

आईंकडेही असे निवडलेलेच शब्द आहेत. त्या इथल्याच दांडियाबजारात वाढल्या. घरात मराठी, शाळा मराठी, ओटल्यावर गुजराती. इंग्रजी आलं ते आठवीत, कारण तेव्हा गुजरातेत ते आठवीपासूनच शिकवत. तेरा वर्षांच्या मुलीसमोर एकदम सव्वीस अनोळखी अक्षरं आली आणि उच्चाराशी फटकून वागणारी स्पेलिंगं. त्यांनी शब्द पाठ केले ते एका चालीत: डब्ल्यू-ए-टी-ई-आर वॉटर, वॉटर म्हणजे पाणी. एच-ओ-यू-एस-ई हाउस, हाउस म्हणजे घर. आजही त्यांना 'हाउस' विचारलं की आधी अक्षरं येतात, मग शब्द, मग घर.

मी सांगलीची. पाचवीपासून इंग्रजी शिकले, पुढे ढीगभर इंग्रजी वाचलं. पण एखाद्या शब्दात अक्षरं किती, असं कुणी विचारलं तर मला बोटांवर मोजावी लागतात. माझ्याकडे शब्द आले ते अर्थाच्या घाईत, अख्खेच्या अख्खे, मी त्यांना कधी उलगडून पाहिलं नाही. आईंनी मात्र एकेक शब्द दाणे सोलल्यासारखा हाताळला आहे. त्यांच्याजवळ शब्द थोडे आहेत, पण प्रत्येकाच्या पोटात काय आहे हे त्या जाणतात. म्हणून या खेळात त्या माझ्या पुढे असतात आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

फोन दिवसाला एकच शब्द देतो. तो आईंना पुरत नाही. मग मी मनात एक धरते, आणि नातवाच्या खडूंनी घरं रंगतात. परवाचीच गोष्ट. त्यांचा पहिला शब्द ठरलेला: वॉटर. मी रंग भरले. डब्ल्यू राखी, दुसऱ्या घरातला ए हिरवा, टी, ई आणि आर तिन्ही पिवळे. आई कागदाकडे बघत राहिल्या. झोपाळा थांबला.

"ए तर दुसऱ्या घरात बसला. मग ई कुठे जाईल? चौथ्यात नाही म्हणालीस. तिसऱ्यात ए-ई असं जोडून येईल, ते काही मी वाचलेलं नाही. शेवटी ठेवला तर टी आणि आरची सोय लागत नाही. म्हणजे पहिल्यात." त्यांनी ई लिहिला. "ई-ए. आता आर. ई-ए-आर, इअर म्हणजे कान." पेन्सिल क्षणभर हवेत राहिली. "ई-ए-आर-टी-एच! अर्थ, अर्थ म्हणजे पृथ्वी."

पाचही घरं हिरवी झाली. आईंनी वरची ओळ पाहिली, खालची पाहिली आणि म्हणाल्या, "पाण्यातून पृथ्वी वर काढली बघ. वराहासारखी." मग तो शेवटचा एच त्यांनी उचलून पुढे नेऊन लिहिला. एच-ई-ए-आर-टी. हार्ट म्हणजे हृदय. किती तरी वेळ आई त्या दोन शब्दांवरून बोट फिरवत होत्या.

अक्षरं मोजणं आपल्याला काही नवं नाही. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारांचा, हे आईंच्या बोटांच्या पेरांना भजनी मंडळापासून माहीत आहे. पण आपलं अक्षर वेगळं. जोडाक्षर कितीही दाटीचं असो, त्याला एकच घर. इंग्रजीतल्या 'थ्रू'ला सात घरं लागतात, आपल्याकडे तो एका अक्षरात मावतो. आपल्या 'क'च्या पोटात 'अ' आधीच असतो, त्याला वेगळी जागा मागावी लागत नाही. इंग्रजी स्वर मात्र स्वतंत्र घर करून राहतात. म्हणून स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांत एकट्या 'ई'च्या बारा आहेत. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून त्यांची संख्या ठरवली होती.

दोन भाषांमध्ये अशी ये-जा करायची बडोद्याला जुनी सवय आहे. इंग्रजीतल्या राज्यकारभाराच्या शब्दांना इथल्या भाषांत प्रतिशब्द हवेत म्हणून सयाजीराव महाराजांनी कोश करवून घेतला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'. तो १९३१ साली निघाला. शब्दासाठी एवढं जिवाला लावून घेणारं राज्य होतं ते. आईंना त्या कोशाचं नावच एका दमात म्हणायला आवडतं.

काल त्यांनी खेळ उलटा केला. कागदावर पाच घरं आखली आणि म्हणाल्या, "आज मराठीत. तू ओळख." मी 'आ'पासून 'ळ'पर्यंत भटकून आले. त्या मधेच स्वतःशी पुटपुटल्या, "आधी माहेरच घालणार होते. दां-डि-या-ब-जा-र. सहा होतात. नाही बसत."

तेवढ्यात माझं तिसरं घर हिरवं झालं होतं: न. शेवटचंही: रा. मी रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या दुकानाच्या पाटीवर गुजरातीत पत्ता लिहिलेला होता, रोज दिसणारा. सु, भा, न, पु, रा. आई खडू घेऊन तयारच बसल्या होत्या.