छोट्या गाडीचे सोबती

मैत्री जुळण्याची निमित्ते अनेक असतात. कोणाची शेजारातून जुळते, कोणाची एका बाकावर बसल्याने, तर कोणाची कचेरीतल्या चहाच्या निमित्ताने. आम्हा सात जणांची मैत्री मात्र फावडे आणि घमेले यांनी जुळविली. १९७८ च्या हिवाळ्यात महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयातून, म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अखेरपर्यंत राहिलेल्या ‘व्हिक्टोरिया कॉलेजा’तून, आम्ही दहा दिवसांच्या श्रमदान शिबिरासाठी जौऱ्याकडे गेलो होतो. सातांपैकी दोघे आज हयात नाहीत. उरलेल्या पाच जणांनी गेल्या माघात पुन्हा तिकडे जाण्याचे ठरविले, त्याची ही हकीकत.

गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि महाविद्यालयीन मुले खेड्यांकडे जाऊ लागली. परंतु जौऱ्याला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. १४ एप्रिल १९७२ रोजी याच गावी मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी जयप्रकाशजींच्या साक्षीने शस्त्रे खाली ठेवली होती. त्या कामात सुब्बारावजींचा महात्मा गांधी सेवा आश्रम अग्रभागी होता. तरीही चंबळचे बीहड म्हटले की लष्करातल्या आयांचा जीव दडपे. माझ्या आजीने तर जाताना अंगारा लावला होता, आणि सर्वांच्या हातचे जेवून परतलेल्या नातवाला आधी न्हाणीघर दाखविले होते.

शिबिरातच आम्ही प्रथम स्वतःचे ताट घासले, पायखान्यासाठी चर खणले आणि ज्यांच्या घरचे पाणीही आमच्याकडे चालत नसे, त्यांच्या चुलीवरची बाजरीची भाकरी मिटक्या मारीत खाल्ली. खाकी अर्धी चड्डी आणि खादीचा सदरा घातलेले सुब्बारावजी गाणी शिकवीत. त्यांच्यामागे गाताना कोण कुठल्या वाड्यातला, हे कोणाच्या ध्यानीही येत नसे.

तेव्हा आम्ही छोट्या गाडीने गेलो होतो. माधवराव महाराजांच्या काळातली ती दोन फुटी रूळांची गाडी ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर धावे. धावे म्हणणे अतिशयोक्तीचे, कारण चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडावीत आणि पुन्हा चढावे, असा तिचा वेग. २०२० साली ती थांबली. आता जौऱ्यापर्यंत मोठी गाडी जाते. पुणे, इंदूर आणि नागपूर येथून आलेले तिघे व आम्ही ग्वाल्हेरचे दोघे असे त्या गाडीत बसलो. दशम्यांचा डबा उघडेपर्यंत सुमावली मागे पडलीसुद्धा. गुडघ्यांच्या तक्रारी आणि साखरेच्या गोळ्या यांची देवाणघेवाण तेवढ्या वेळात जेमतेम पुरी झाली.

आश्रमात सुब्बारावजींच्या समाधीपुढे थोडा वेळ बसलो. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते गेले. मग आम्ही बांधलेला कच्चा रस्ता शोधायला निघालो. त्यावर आता डांबर होते. पारावरच्या एका वृद्धाला विचारले, तर तो शांतपणे म्हणाला की हा सरकारने केला.

पुण्याचा मित्र चिडला. “दहा दिवस माती वाहिली, हाताला फोड आले, आणि नावसुद्धा नाही! मग आपण केले तरी काय? सहलच ती.” यावर कोणीच बोलेना. मी सरकारी नोकरीत सारी हयात घालविली. कोनशिला पुष्कळ पाहिल्या. काहींवरचे नाव ठळक आणि मागची इमारत ओसाड. येथे दगड नव्हता, रस्ता मात्र होता. सायकलींवर मुली शाळेतून परतत होत्या. सरकारने डांबर घातले ते आम्ही आखलेल्या वळणानेच. हे मी त्याला सांगितले. तो काही बोलला नाही, पण त्या वळणापर्यंत चालत गेला आणि बराच वेळ तिथे उभा राहिला.

परतताना त्याच्या रागाचे खरे कारण कळले. जनकगंजातला त्यांचा वाडा गेल्या वर्षी विकला गेला होता. “आता ग्वाल्हेरला यायचे तरी कोणाकडे? निमित्तच संपले,” तो म्हणाला. आपल्यापैकी किती घरांत हे वाक्य उच्चारले गेले असेल! मुले पुण्या-बंगळूरला, भाऊ परदेशी, वाड्यांच्या जागी सदनिका. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही आपण गावाशी नाते जोडले ते बहुधा वाड्याच्या उंबरठ्यापुरते. वाडा गेला की गाव सुटते. आमच्या दहा दिवसांनी मात्र आम्हाला या मातीत, वारसाहक्काने न मिळालेली, एक जागा दिली होती. तिचा सातबारा नाही, म्हणून ती विकताही येत नाही.

मुरैन्याच्या गजकाचे पुडे वाटून घेताना ठरले की दरवर्षी माघात एकदा जौऱ्याला जायचे. मुक्काम माझ्या घरी. पुणेकराने आपले गरम पांघरूण माझ्याकडेच ठेवून दिले आहे.