दोन बेटे आणि पडव्याची ओहोटी

“आजोबा, तिथे आपल्याला आपली स्वतःची होडी मिळते. भाड्याची! हवी तितकी बेटं फिरायची, हवी तिथे थांबायचं!”

आमचे नातवंड वय वर्षे अकरा. थायलंडचा नकाशा त्याला घरच्या जिन्यासारखा पाठ झाला होता. तिथल्या होड्यांना लांब शेपटी असते, त्यांना मोटारगाडीचे इंजिन बसवतात, आणि त्या शेपटीच्या टोकाला पंखा असल्यामुळे उथळ पाण्यात तो वर उचलून घेता येतो, हे सारे ज्ञान मला जेवताना दोन्ही वेळा मिळत असे. उन्हाळ्याच्या सुटीत त्याला तिकडे न्यायचे चिरंजीवांनी कबूल केले होते. मग पौषात चिरंजीवांची नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी पंधरा-वीस जणांना बोलावले, आणि दुपारी ही मंडळी आपापला डबा घेऊन घरी परतली.

नोकरी गेल्याचे मुलाने आम्हाला सांगितले. परंतु थायलंड गेल्याचे नातवाला सांगायला कुणी तयार होईना. शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडले, आणि ते करताना मी एक आगाऊपणा केला. म्हटले, “अरे, बेटंच बघायची ना? दादरला गाडीत बसू आणि विरारला उतरू. एक सोडून दोन बेटं दाखवतो. होडीसुद्धा आपली स्वतःची. भाड्याची!”

पोराने माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीतला अर्थ मला कळला, आणि तेव्हापासून ही सहल थायलंडच्या तोडीची व्हायलाच हवी, असे मी मनाशी ठरवून टाकले. पुढचा सारा घोटाळा त्यातूनच झाला.

वसईला आमच्या सौभाग्यवतींचे मामेभाऊ आहेत. त्यांच्या वाडीत अजून थोड्या केळी उभ्या आहेत, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी त्यांच्याकडे खाल्ली की बाजारातला सुका मेवा फिका वाटतो. माघी पौर्णिमेच्या शनिवारी सकाळी आम्ही पाच जण तिथे सामान टाकून अर्नाळ्याला गेलो.

अर्नाळा गावाच्या समोर समुद्रात जे बेट आहे तेही अर्नाळाच. होडीने दहा मिनिटांचा रस्ता. पण होडीत चढण्यासाठी आधी गुडघाभर पाण्यात शिरावे लागले. आमच्या सूनबाई क्षणभर थबकल्या. तेवढ्यात एक कोळीण डोक्यावर भाजीचा हारा आणि काखेत पोर घेऊन त्यांच्या बाजूने सरळ पाण्यात गेली आणि होडीत जाऊन बसलीसुद्धा. तिच्यामागून गॅसची टाकी गेली, सिमेंटच्या दोन गोण्या गेल्या, शाळेची दप्तरे गेली. आपण ज्याला सहल म्हणतो ती इथल्या माणसांची रोजची ये-जा आहे, हे आम्हाला चपला हातात घेतल्यावर समजले.

पोर्तुगीज या बेटाला ‘इल्हा दास वाकास’ म्हणजे गाईंचे बेट म्हणत. गाई मला एकही दिसली नाही. कोंबड्या मात्र पुष्कळ. मराठ्यांनी मार्च 1737 मध्ये, वसईच्या मोहिमेच्या अगदी आरंभीच, हे बेट घेतले. वसईचा किल्ला पडायला पुढे दोन वर्षे लागली. मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या हाती तो आला. त्या दोन वर्षांत उत्तरेकडून समुद्रमार्गे येणाऱ्यांवर नजर ठेवायला अर्नाळ्यासारखी जागा नव्हती. दरवाज्यावर शिलालेख आहे. बाजीरावांनी शंकराजींना आज्ञा केली की, या पश्चिमेच्या लोकांना मारून समुद्राच्या पोटात लवकर एक जंजिरा बांध, असा त्याचा भावार्थ. बांधकामाचा हुकूम पद्यात देणारे सरकार पुन्हा होणे नाही!

दरवाज्यावरचे वाघ आणि हत्ती नातवाला आवडले. आत महादेवाचे देऊळ आहे, दर्गा आहे, आणि एक सुरेख अष्टकोनी तळे आहे. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मधोमध गोडे, याचे नवल त्याला शिलालेखाहून अधिक वाटले, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. किल्ल्याबाहेर दक्षिणेला एक गोल बुरूज एकटाच उभा आहे. तिथवर चालत गेलो. वाटेत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, आणि किनाऱ्याच्या बाजूला एका घराची नुसती जोती उरलेली दिसली. “घर कुठे गेलं?” असे नातवाने एका आजींना विचारले. त्यांनी हनुवटीनेच समुद्र दाखवला. समुद्र हे बेट दर पावसाळ्यात थोडे थोडे खातो आहे. 18 जून 2025 रोजी आपल्या नौदलात एक नवी युद्धनौका दाखल झाली, उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी. तिचे नाव ‘अर्नाळा’ ठेवले आहे. आजींना ते ठाऊक होते. “नाव नेलं, आता थोडे दगड आणून टाका म्हणावं,” एवढेच त्या बोलल्या.

परतताना नातू म्हणाला, “छान होतं. पण ही होडी आपली नव्हती.”

बरोबरच होते. ती सगळ्यांची होडी होती.

रविवारी मामेभावांच्या ओळखीने नायगावच्या बंदरावर एक लहान मासेमारीची होडी ठरली. पंधराशे रुपये, दुपारी बारापासून तीनपर्यंत. तांडेल पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी आम्हाला मोजले, मग होडीतली तरंगती जाकिटे मोजली. जाकिटे चार होती. “एक आणतो,” म्हणून ते गेले आणि पंधरा मिनिटांनी शेजारच्या होडीतले पाचवे घेऊन आले. पाचवे मिळेपर्यंत दोर सोडला नाही. भाड्याची होडी घेणाऱ्या वाचकांनी एवढी एक गोष्ट जरूर पाहावी. दर दोनशे रुपयांनी कमी करण्यापेक्षा ती महत्त्वाची आहे.

नायगाव आणि भाईंदर यांच्यामध्ये वसईच्या खाडीत पाणजू नावाचे बेट आहे. उल्हास नदी समुद्राला मिळते ती याच खाडीने. पश्चिम रेल्वेने वसई-विरारकडे जाणारी लाखो माणसे रोज या बेटावरून जातात, अगदी त्याच्या डोक्यावरून. कारण रेल्वेचा रस्ता एका पुलाने बेटावर चढतो आणि दुसऱ्याने उतरतो. इथून आगगाडी 1864 पासून धावते आहे. बेटावर मात्र स्थानक नाही. पाणजूच्या माणसाला चर्चगेटची गाडी पकडायची तर होडीत बसून नायगावला यावे लागते, आणि मग त्याच गाडीने आपल्याच गावावरून परत जावे लागते! मी स्वतः कित्येकदा या पुलावरून वर्तमानपत्र वाचत गेलो आहे. खाली गाव आहे हे मला ठाऊक नव्हते.

इंजिन सुरू झाले. तिवरांच्या मुळांशी निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारीत होत्या. नातवाने तांडेलांना लांब शेपटीच्या होड्यांची हकिकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली. मोटारीचे इंजिन म्हणताच ते प्रथमच हसले. “सुटे भाग कुठंही मिळत असतील,” म्हणाले. “शहाणी माणसं.”

मग त्यांनी पोराला भरती-ओहोटीचा हिशेब शिकवला. तो असा : तिथीची पाऊणपट करायची. पडवा म्हणजे एक. त्याची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता पाणी भरणार. अष्टमी म्हणजे आठ. त्याची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे पाणी चढते फार आणि उतरतेही फार. अष्टमीला भांग, पाण्याला जोर नसतो. घड्याळाच्या हिशेबात चंद्र रोज पाऊण तासाच्या थोडा पुढे सरकतो, म्हणून हे गणित जमते. आमचे चिरंजीव इंजिनीअर. त्यांनी लगेच फोनवर भरतीचे कोष्टक काढून ताडून पाहिले. दहा-बारा मिनिटांचा फरक निघाला.

पाणजूवर उतरलो, गावातून हिंडलो. घरे स्वच्छ, गल्ल्या शांत, मोटार औषधालाही नाही. देवळाच्या सावलीत डबे सोडले. सौभाग्यवतींनी मसालेभात केला होता. मामेभावांची सुकेळी होती. दर काही मिनिटांनी गाडीचा धडधडाट येई आणि जाई. अडीचला तांडेल येऊन उभे राहिले. “काका, निघायला हवं. पाणी उतरतंय.”

मी म्हटले, “निघू या. पण सरळ नको, बेटाला पुरता वळसा घालून जाऊ.”

“मागल्या अंगाला गाळ आहे. आत्ता नको.”

इथे मी शहाणपणा करायला हवा होता. उलट मी म्हणालो, “तीनपर्यंतचे पैसे ठरलेत ना? वर पाचशे देतो.” थायलंडात बेटाला वळसा घालतात, हे नातवाने मला पाचदा सांगितले होते. तांडेलांनी पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पाचशे रुपये म्हणजे पाचशे रुपये. पण तेवढ्यात सूनबाई गावातल्या एका बाईकडून वाळवलेली करंदी घ्यायला गेल्या, त्यात अर्धा तास गेला, आणि आम्ही सुटलो तेव्हा साडेतीन झाले होते.

पाऊण वेढा झाला. मग होडीखाली नुसता एक मऊ आवाज झाला, कुणी ओल्या गादीवर बसावे तसा, आणि आम्ही थांबलो. तांडेलांनी चटकन इंजिन उचलले. बांबू रोवून जोर केला. बांबू हातभर गाळात गेला. चिरंजीव उतरू लागले तसे ते ओरडले, “उतरू नका! कमरेपर्यंत जाल!” दहा मिनिटांत पाणी बाजूने सरकून गेले आणि आमची होडी चिखलावर कलंडून बसली. सव्वाचार वाजले होते.

“आता?” सौभाग्यवती म्हणाल्या.

“सात वाजता पुरी ओहोटी,” नातू म्हणाला. “मग पाणी परत येणार. म्हणजे आपण...” त्याने बोटे मोजली. “साडेनऊ.”

तांडेलांनी मान हलवली. कुणीच काही बोलले नाही. मला चिरंजीवांकडे पाहवेना. त्यांच्या पडत्या काळात त्यांच्या मुलाला दोन दिवस आनंद द्यायचा म्हणून निघालो होतो, आणि कुटुंबाला चिखलात नेऊन बसवले. सौभाग्यवतींची रक्तदाबाची गोळी मामेभावांच्या घरी राहिली होती. मामेभावांना फोन लागला, तेवढे बरे. तांडेलांनीही कुणाला फोन करून हळू आवाजात सांगितले की आज जाळ्यावर येत नाही. पाणी वळताना त्यांची जाळे लावायची वेळ होती. माझ्या पाचशे रुपयांनी मी त्यांची रात्र बुडवली होती, हे मला तेव्हा कळले.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“माझंही,” ते म्हणाले. “नाही म्हणायला हवं होतं.”

ऊन उतरले. डास आले. उरलेला मसालेभात सहा जणांत वाटला. तांडेल आधी नको म्हणाले, मग त्यांनी घेतला. काळोख पडला तशा पुलावरून जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्या पिवळ्या दिसू लागल्या. दारात लटकलेली माणसे दिसत होती. नातू प्रत्येक गाडीला हात करी. अंधारात कुणाला दिसणार? पण तो करीत होता.

सव्वासातच्या सुमाराला तिवरांमागून चंद्र वर आला, पडव्याचा, जवळजवळ पुरा. सगळा चिखल चकाकू लागला. खेकड्यांची खुडबुड ऐकू येत होती. आणि चिरंजीव, जे नोकरी गेल्यापासून घरात दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हते, ते तांडेलांना विचारू लागले : होडीचा खर्च किती, इंजिन किती वर्षे टिकते, मासळी पूर्वीइतकी मिळते का. तांडेल सांगत होते. मासळी कमी झाली आहे, खाडीत घाण येते, मुलगा वसईला एका दुकानात कामाला लागला आहे. वाढवणला 30 ऑगस्ट 2024 रोजी ज्या बंदराची पायाभरणी झाली त्याने पुढे काय होईल, याची काळजी इथपासून डहाणूपर्यंतच्या कोळ्यांना आहे. “वाईट वर्षं येतात,” ते म्हणाले. “होडी विकायची नाही, एवढं बघायचं.” चिरंजीव बराच वेळ त्यांच्याजवळ बसून होते.

पाणी आले ते आवाज न करता. प्रथम चिखलातल्या ओघळी भरल्या, मग होडी एकदा हलली. नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही तरंगलो. नातवाने घड्याळ पाहून जाहीर केले, “दहा मिनिटांनी चुकलो!”

नायगावच्या धक्क्यावर मी ठरलेल्याच्या दुप्पट पैसे काढले. तांडेलांनी ते उजेडात नीट मोजले. जाळ्याची रात्र आणि इंधन यांचे ठेवले, उरलेले तीनशे परत केले. शेजाऱ्याचे पाचवे जाकीट त्यांनी खांद्यावर टाकले आणि ते परत करायला गेले.

जूनमध्ये चिरंजीवांना दुसरी नोकरी लागली. पगार थोडा कमी आहे, पण आहे. परवा त्यांनी पोराला विचारले, “पुढच्या सुटीत थायलंडला जायचं का रे?” तो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयापुढे खडूसारखा पांढरा पेन्सिलीचा तुकडा घेऊन उभा होता. महिन्याच्या प्रत्येक रविवारापुढे त्याने भरतीची वेळ मांडून ठेवली आहे.

“जाऊ की,” तो म्हणाला. “त्या दिवशी तिथी कोणती आहे?”