सहाशे चाळीस तार

पेटी उघडली आणि आधी एरंडेलाचा वास आला. त्यामागून जुन्या कापसाचा, ट्रंकेत पडून राहिलेल्या दुलईला येतो तसा. मी छपरीत खालीच बसले. समोर आबाजींचा पेटीचरखा, बाहेर कलत्या दुपारची शांतता, आणि दादावरचा इतक्या वर्षांचा राग जसाच्या तसा वर आला. तीस वर्षं काचेच्या कपाटात राहिलेल्या चरख्याला तेलाचा वास कसा, हे मात्र तेव्हा मनातही आलं नाही.

१९९४ साली वर्ध्याच्या घराच्या वाटण्या झाल्या. मला भांडी नको होती, आईच्या पाटल्या नको होत्या. हा चरखा तेवढा द्या, म्हणाले होते. दादा म्हणाला, थोरल्याकडे राहू दे. आणि तो पुण्याला घेऊन गेला. पुढे त्याच्याकडे गेले की दिवाणखान्यात शिरताना माझी नजर आधी त्या कपाटाकडे जायची. वर एक दिवा लावलेला, पेटी उघडून तिरकी ठेवलेली, दोन्ही चक्रं पुसून लख्ख. शेजारी काचेची बदकं. माझ्या मुलीनं एकदा मुठीला हात लावला तर दादा म्हणाला, "बाळा, नको, जुना आहे तो." ते वाक्य मी विसरले नाही. चालत्या वस्तूची मूर्ती करून ठेवली यानं, असं मी नवऱ्याजवळ कितीदा बोलले असेन.

दादा श्रावणात गेला. दिवाळीनंतर वहिनींनी पेटी शालीत गुंडाळून पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

आबाजी म्हणजे माझे आजोबा, खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम उभी राहिली आणि शाळेच्या वर्गात टकळी आली. त्या काळात शिकवायला लागलेली ही माणसं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असे तशीच टकळी असे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा तास चरखा. त्या अर्ध्या तासात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि त्यांनीही कुणाला रागवायचं नाही, असा घरातला अलिखित करार होता. अभ्यास झाला नसेल तर मी नेमकी त्याच वेळेला त्यांच्याजवळ जाऊन बसत असे.

मला सारखी आठवते ती १९७१ च्या फेब्रुवारीतली एक रात्र. १२ फेब्रुवारी १९४८ ला पवनारला धाम नदीत विनोबांनी गांधीजींच्या अस्थी विसर्जित केल्या. तेव्हापासून त्या दिवशी तिथे मेळा भरतो आणि माणसं आपल्या हातच्या सुताची एकेक गुंडी आणून वाहतात. तिला सूतांजली म्हणतात. त्या वर्षी विनोबा पवनारातच होते, आदल्या ऑक्टोबरात त्यांनी क्षेत्रसंन्यास, म्हणजे एकाच जागी राहण्याचं व्रत, घेतला होता. मी दहा वर्षांची. यंदा माझी स्वतःची गुंडी न्यायची, असं मी दिवाळीपासून घरभर सांगत सुटले होते.

परेत्यावरचा एक फेरा म्हणजे चार फुटांचा एक तार. असे १६० तार झाले की एक लटी, आणि चार लट्यांची एक गुंडी. सहाशे चाळीस. अकरा तारखेच्या रात्री कंदिलाच्या उजेडात आबाजींनी माझं सूत मोजलं. सहाशे दोन भरले. अडतीस तार कमी. त्यांनी मला खोटी म्हटलं नाही, रागावलेही नाहीत. सूत मांडीवर ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले, एवढंच. मला ठाऊक होतं की कमी आहे. चार दिवस मी काततेच आहे असं दाखवून नुसतं चक्र फिरवलं होतं. पेळू, म्हणजे कातायची कापसाची वळी, संपला होता आणि सांगायची लाज वाटली होती. मी पांघरूण ओढून घेतलं आणि रडत रडत झोपले.

सकाळी गुंडी पूर्ण होती. दोऱ्यानं नीट बांधून माझ्या उशाशी ठेवलेली. मी कुणाला विचारलं नाही, कुणी मला सांगितलं नाही. बैलगाडीतून पवनारला जाताना त्या अडीच कोसांत मी ती गुंडी मुठीत धरून चाचपत होते. शेवटचे तार जाडेभरडे लागत होते. मला वाटलं, आबाजींचे डोळे थकले, रात्रीच्या उजेडात त्यांना दिसलं नसेल. धामच्या पात्रात थंडीचं पाणी खाली उतरलं होतं. मी गुंडी ठेवली आणि मागे वळून पाहिलं नाही.

आता समोर पेटी आहे. मी कपड्यानं चक्रं पुसते आहे. हा चरखा म्हणजे येरवडा चक्र. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हा त्यांच्या हाताखाली तो घडत गेला. मोठ्या चक्रावरून माळ लहान चक्रावर, तिथून दुसरी माळ सूत गुंडाळणाऱ्या चातीवर. त्यामुळे मोठं चाक पसारा घालत नाही आणि सगळा संसार मिटून पुस्तकासारखा काखेत मारता येतो. त्याच्या आधी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी अशा की किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, बाईमाणसाला न थकता आठ तास चालवता यायला हवा, त्या आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार गज सूत निघायला हवं, आणि तो वीस वर्षं टिकायला हवा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. हे मी लहानपणी आबाजींकडून ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता त्या अटींतलं 'न थकता' मला थांबवतं. एक लाख रुपयांचा विचार करताना कुणाला तरी एका बाईच्या खांद्याची आठवण होती.

दादानं मला २०१३ च्या नोव्हेंबरात मुद्दाम फोन केला होता. ब्रिटनमध्ये गांधीजींच्या एका येरवडा चरख्याचा लिलाव झाला, एक लाख दहा हजार पौंडांना गेला. त्यांनी तो फ्लॉइड पफर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिला होता. "बघ, जपल्या वस्तूचं मोल," दादा म्हणाला. मी फोन ठेवून दिला. मोल हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपला चरखा कुणाच्या लिलावात जायचा नव्हता. त्याची मूठ जिथे झिजली होती तिथे आबाजींचा अंगठा बसत होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

पण वस्तूवर इतका जीव ठेवणं बरं का, हेही मनाला लागतंच. सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर लहानाची मोठी झाले, अपरिग्रह हा शब्द मुळाक्षरांच्या वयात ऐकला. काकासाहेब कालेलकर पुढे कितीतरी वर्षं आमच्या वर्ध्यात, काकावाडीत राहिले. त्यांनी सांगितलेली १९१५ ची एक आठवण आहे. मुंबईच्या काँग्रेसच्या वेळी गांधीजी काहीतरी शोधत होते. एक पेन्सिल हरवली होती. काकांनी आपली देऊ केली, तर ती नको. मद्रासच्या नटेसनांच्या लहान मुलानं ती प्रेमानं दिली होती, तीच हवी. शोधून सापडली तेव्हा ती दोन इंचांपेक्षाही लहान होती. ज्या माणसानं सगळं सोडायला शिकवलं त्याला ते थोटूक सोडवत नव्हतं. ही गोष्ट आठवली की मला धीर येतो. बहुधा त्याच धिरानं मी त्या दुपारी पेटीच्या आतल्या कप्प्याला हात घातला.

या पेटीत जादा चात्या ठेवायची जागा असते. पहिली चाती निघाली ती वाकलेली. दुसरी ओढली तर तिच्यावर कुकडी होती. अर्धी भरलेली, सुताची. मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. हे आबाजींचं सूत नव्हतं. आबाजींचं सूत केसासारखं, एकसारखं. हे जाड, मध्येच बारीक, पुन्हा जाड, ठिकठिकाणी गाठ मारून जोडलेलं. आणि कापूस पांढरा होता, पिवळट पडलेला नव्हता. चकतीजवळ तेल ओलं होतं.

मी वहिनींना फोन केला. त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "निवृत्त झाल्यापासून रात्री जेवणं झाली की काढून बसायचे. जमत नव्हतं त्यांना. धागा तुटला की वैतागायचे. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले होते, आपली ताई हसेल म्हणाले."

मी हसले नसते, दादा.

त्यानंतर दोन-तीन दिवस मी चरख्याला हात लावला नाही. ती कुकडी टेबलावर होती, येता-जाता दिसत होती. एका रात्री उठून बसले आणि १९७१ च्या त्या गुंडीचे शेवटचे तार पुन्हा बोटांना लागले. आबाजींनी आयुष्यात जाडंभरडं सूत काढलं नव्हतं, कंदिलातही नाही, डोळे मिटूनही नाही. दादा तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि माझ्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून झोपत असे. आता विचारायला कुणी नाही. मी त्या अंदाजाला अंदाजच राहू दिलं आहे. पण कपाटातल्या काचेच्या बदकांवरचा माझा राग कुठे गेला ते मला सापडत नाही.

कातायचं ठरवलं. दादाची कुकडी चातीसकट बाजूला ठेवली, ती उकलायची नाही. वाकडी चाती सरळ करायला घेतली. लाकडी फळीवर ठेवून हलक्या हातानं ठोकायची, फिरवून पाहायची, टोक थरथरलं की पुन्हा ठोकायची. आबाजी यात एक सकाळ घालवत, मला दोन दिवस लागले. माळ नवी केली, मेण लावलं. आणि मग कळलं की पेळू नाहीत.

हे मला फार लागलं. माझ्या खिडकीतून डाक रस्त्यावर कापसानं भरलेल्या गाड्या जाताना दिसतात. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी लँकेशायरच्या गिरण्यांत घेतलं जात होतं. बाजार समितीत आज गंज्या लागल्या आहेत. आणि कातायला पेळू हवे तर चित्रदुर्गाकडे नाहीतर रायबरेलीकडे बघायचं, कारण खादी आयोगाचे पेळू तयार करण्याचे कारखाने तिथे. आपला कापूस गाठी बांधून निघून जातो आणि आपल्याला त्याचा एक पेळू मिळवायला ओळख काढावी लागते. मगन संग्रहालयात गेले होते. १९३८ साली गांधीजींनीच उघडलेलं ते घर. तिथे जुने चरखे बघत फार वेळ उभी राहिले. शेवटी एका ओळखीच्या बाईंनी आपल्याजवळचे वीस पेळू दिले.

सूत निघालं. हाताला आठवतं, हे खरं आहे. डावा हात मागे जाताना खांदा कुठे थांबवायचा, उलटा अर्धा फेरा कधी द्यायचा, हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं आणि हात करत होता. पण धागा सारखा तुटत होता.

भांडी घासायला येणाऱ्या मावशी हंगामात दिवसभर वेचणीला जातात, अंधार पडताना आमच्याकडे येतात. ओटीत कापूस भरून भरून त्यांची कंबर दुखते, बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली असतात. त्या हात पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. "काय करून राहिल्या ताई?" मी पेळू दाखवला. त्यांनी तो बोटांत धरून चोळला. "हा कापूस असा काऊन आहे? जीवच नाही याच्यात."

दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीत त्या देवकापूस घेऊन आल्या. त्यांच्या अंगणात झाड आहे, घरच्या वातींपुरतं. सरकी कशी सोडवायची ते मला माहीत होतं असं मला वाटत होतं. मावशींनी बोंड हातात घेतलं, अंगठ्याचा एक दाब, आणि सरकी जमिनीवर. माझं एक होईपर्यंत त्यांची पाच. दिवसभर किलोच्या भावानं कापूस वेचून आलेली बोटं होती ती, आणि तरी त्या कापसाशी अशा वागत होत्या जसा तो आज पहिल्यांदाच हाती आला. आम्ही तो बोटांनीच पिंजला, पोळपाटावर विणकामाच्या सुईभोवती वळून पेळू केले. वेडेवाकडे झाले. पण त्यांचा धागा निघाला तो तुटेना.

आता रोज संध्याकाळी अर्धा तास त्या बसतात. मूठ फिरवायला त्यांना आवडतं. मी त्यांना हात लावू नका असं म्हणत नाही. काल परेत्यावर सूत घेत होतो. त्या परेता धरून, मी मोजत.

"इतकं कातून करसान काय?" त्यांनी विचारलं.

"बारा फेब्रुवारीला पवनारला नेऊन द्यायचं."

"अन् देऊनच टाकाचं आहे त मंग मोजता काऊन एवढं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर देता आलं नाही. दोनशे बेचाळीस, म्हटलं, आणि पुढचा फेरा घेतला.